नेटवर्क मोठं केलं आणि वास गेला

"ताई, वास गेला."

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात दुसऱ्याच एका प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये बसले होते. तिचा आवाज ऐकून उठले आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

"गेला म्हणजे काय झालं?"

"म्हणजे काहीच नाही ना वो! मोठं नेटवर्क चालवलं तर सगळ्या पेशी चूप. चाफा दिला तरी चूप, मोगरा दिला तरी चूप. लहानवर इतकं मस्त चालत होतं."

"एरर आली का काही?"

"नाही. प्रोग्राम नीट सुरू झाला, नीट संपला. फक्त उत्तरच नाही."

आमच्या धंद्यात याहून वाईट बातमी नसते. प्रोग्राम कोसळला तर निदान कुठे कोसळला ते कळतं. नीट चालून काहीच न सांगणारा प्रोग्राम म्हणजे सासरी रुसून बसलेला जावई. काय झालं ते तो सांगणार नाही, आपणच शोधायचं.

मी मूळची वर्ध्याची. इंजिनिअरिंग करून पुण्यात आले त्या सुमारास देशात नुकतं सगळं खुलं झालं होतं आणि कॉम्प्युटर येणाऱ्या कुणालाही नोकरी मिळत होती. मग वायटूके, म्हणजे दोन हजार सालच्या तारखांचा घोळ, आला आणि गेला. त्यानंतर मी शिरीष सरांच्या छोट्या कंपनीत रुजू झाले. तेव्हा खराडीत चार-दोन काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि मधल्या जागेत अजून शेतं होती. मी धायरीहून स्कूटीवर यायचे. म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सगळे विचारायचे, इतक्या लांबून का येता? मी म्हणायचे, काम आवडतं म्हणून. लोकांना ते पटत नसे.

काम असं होतं. एखादं गणित इतकं मोठं असतं की एका कॉम्प्युटरला झेपत नाही. त्याचे तुकडे करून अनेक कॉम्प्युटरना वाटायचे आणि उत्तरं परत जोडायची. याला पॅरलल कॉम्प्युटिंग म्हणतात. लग्नघरी दहा बायका लाडू वळायला बसतात, तसंच. लाडू वळणं कठीण नसतं. दहा जणींचे लाडू एका आकाराचे होणं कठीण असतं. माझी नोकरी ती होती.

आमचे ग्राहक बहुतेक कारखाने होते. वासाचं काम वेगळ्याच वाटेने आलं. शहरातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. केतकर नावाच्या बाई मेंदूवर काम करत. निवृत्तीला आलेल्या. शिरीष सर त्यांचे जुने विद्यार्थी. बाईंकडे कल्पना होत्या, मशीन्स नव्हती. आमच्याकडे मशीन्स होती, शनिवार-रविवारी ती रिकामी असायची. शिवाय सरांना एक शोपीस हवंच होतं. हॉलंडची एक कंपनी "इलेक्ट्रॉनिक नाक" बनवत होती, म्हणजे दूध नासलंय का, कॉफी जळलीय का, हे हुंगून सांगणारं यंत्र. त्यांची माणसं पुण्यात येणार होती. त्यांना आपल्या मशीन्सवर अख्खं मेंदूतलं नाक चालवून दाखवायचं, असं सरांनी ठरवलं आणि मला सांगायच्या आधी पाहुण्यांना कळवूनही टाकलं.

आता मेंदूतलं नाक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मलाही ते प्रज्ञानेच शिकवलं. ती केतकर बाईंकडे पीएचडी करत होती, अमरावतीची. पहिल्याच भेटीत माझं बोलणं ऐकून म्हणाली, "तुम्ही तिकडच्याच का वो?" तेव्हापासून मी ताई झाले.

नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींच्या तारा मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका छोट्या गाठीत जातात. तिला बल्ब म्हणतात. बल्बमध्ये मुख्य दोन जातीच्या पेशी. एक जात आलेली बातमी पुढे मेंदूला सांगते. दुसरी जात या पहिलीला दाबते. त्यांची इंग्रजी नावं आहेत, पण आम्ही दोघी त्यांना सांगणाऱ्या आणि दाबणाऱ्या म्हणायचो. दाबणाऱ्या संख्येने कितीतरी जास्त. सांगणारी बोलली की आसपासच्या दाबणाऱ्या जाग्या होतात आणि तिला गप्प करतात. दाब ओसरला की ती पुन्हा बोलते. पुन्हा दाब. अशा शेकडो पेशी एकत्र हे करू लागल्या की त्यातून एक ताल तयार होतो. जिवंत प्राण्याच्या बल्बमध्येही तो मोजता येतो.

प्रज्ञाने हे सगळं कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. एकेक पेशी म्हणजे दोन-चार समीकरणं. दोन पेशींमधला जोड म्हणजे एक आकडा, त्याला वेट म्हणतात. आकडा मोठा तर जोड जोरकस. चाफा आणि मोगरा ही तिने दिलेली लाडकी नावं. प्रत्यक्षात ते फक्त दोन वेगवेगळे इनपुट होते, कुठल्या पेशींना किती टोचायचं ते सांगणारे. तिच्या डेस्कटॉपवर झेपेल एवढा छोटासा बल्ब होता आणि त्यात अगदी ठसठशीत ताल येत होता. तिचं म्हणणं असं की ताल जितका पक्का, तितके दोन वास वेगळे ओळखणं सोपं. या तालावर तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं होतं. या तालाचा आलेख बघून परदेशातल्या एका प्रयोगशाळेच्या प्रोफेसरांनी तिला पुढच्या संशोधनासाठी बोलावलंही होतं.

पण खऱ्या उंदराच्या बल्बमध्ये सांगणाऱ्या पेशीच हजारोंनी असतात, दाबणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. म्हणून नेटवर्क मोठं करायचं, खऱ्याच्या जवळ न्यायचं, आणि ते आमच्या मशीन्सवर चालवायचं. मी तिचा प्रोग्राम पॅरलल करून दिला. त्याचं पहिलंच मोठं रन संपलं आणि हा फोन आला.

शिरीष सरांना सांगितलं. ते आधी एकच प्रश्न विचारायचे.

"बग आपला की त्यांचा?"

"माहीत नाही."

"नीलिमा, पाहुणे पुढच्या पंधरवड्यात येतायत. त्यांना 'माहीत नाही' कसं दाखवायचं?"

"मोठ्या स्क्रीनवर दाखवू."

सर हसले नाहीत. मीही फारशा विनोदाच्या मनःस्थितीत नव्हते. लहान नेटवर्क प्रज्ञाच्या प्रोग्रामवर चालत होतं, मोठं माझ्या प्रोग्रामवर बंद पडलं होतं. कुणीही आधी माझ्याकडेच बोट दाखवलं असतं. मीसुद्धा तेच केलं.

अशा वेळी करायचं काय, याची एक साधी पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रज्ञाने दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आकार आणि प्रोग्राम. मी त्या वेगळ्या केल्या. आधी तिचं लहानच नेटवर्क माझ्या पॅरलल प्रोग्रामवर चालवलं. ताल आला, अगदी तिच्यासारखाच. मग तेच दोन मशीन्सवर, चार मशीन्सवर वाटून पाहिलं. लाडू एका आकाराचे. मग उलट केलं. मधल्या आकाराचं एक नेटवर्क, म्हणजे एका मशीनला जेमतेम झेपेल एवढं, प्रज्ञाच्या जुन्या प्रोग्रामवर चालायला लावलं. ते इतकं सावकाश चाललं की मधे मी दोन वेगळी कामं उरकली. शेवटी उत्तर आलं. चूप.

खुर्चीला टेकून बसले. बरं वाटलं, हे नाकारत नाही. प्रोग्राम माझा असो की तिचा, मोठं नेटवर्क गप्पच बसत होतं. दोष माझ्या लाडवांत नव्हता. पण त्याचा दुसरा अर्थ लगेच लक्षात आला आणि बरं वाटणं कमी झालं. दोष मॉडेलमध्ये होता, म्हणजे प्रज्ञाच्या प्रकरणात.

हे फोनवर सांगायचं नाही म्हणून मी संस्थेत गेले. केतकर बाई शनिवार पेठेतल्या. बोलणं मोजकं आणि धारदार. खोलीत पुस्तकं, एक पंखा आणि इलेक्ट्रिक शेगडी. प्रज्ञा आणि मी आत गेलो तेव्हा त्यांनी स्वतः चहा टाकला होता. दूध पातेल्याला लागलं होतं, खोलीभर करपल्याचा वास पसरला होता. बाई शांतपणे कपात चहा गाळत होत्या. मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नका.

बाईंनी ते पाहिलं.

"लागलंय का दूध?"

"थोडंसं," मी म्हणाले.

"अहो, स्पष्ट बोला. मला वास येत नाही. एकदा मोठी सर्दी झाली, ती गेली आणि जाताना वासही घेऊन गेली. बरीच वर्षं झाली."

वासावर काम करणारी बाई, आणि तिलाच वास येत नाही.

"त्यामुळे माझं संशोधन निःपक्षपाती आहे," बाई म्हणाल्या. "चहा टाकून द्या आणि सांगा काय झालं ते."

मी सगळं सांगितलं. प्रज्ञा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. माझं संपल्यावर बाईंनी एकच विचारलं.

"नेटवर्क मोठं करताना एकेका सांगणारीला किती दाबणाऱ्या जोडल्या?"

प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, तेवढेच टक्के ठेवले. लहानमध्ये होते तेवढेच."

"टक्के तेवढेच. आणि माणसं?"

प्रज्ञाने कपाळावर हात मारला. तिच्या पाठोपाठ मला कळलं.

लहान नेटवर्कमध्ये एका सांगणारीला समजा मूठभर दाबणाऱ्या होत्या. नेटवर्क कितीतरी पट वाढलं. टक्केवारी तीच ठेवली, तर त्या मूठभरांचीही तितकीच पट झाली. आणि प्रत्येकीचा जोर, म्हणजे वेट, पूर्वीइतकाच. घरात चार माणसं "गप्प बस" म्हणाली तर मूल थोड्या वेळाने पुन्हा बोलतं. अख्खी गल्ली दारात येऊन ओरडली तर ते आठवडाभर तोंड उघडत नाही. बिचाऱ्या सांगणाऱ्या पेशींचं तेच झालं होतं.

"मग वेट त्या प्रमाणात भागायचं," प्रज्ञा म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "एवढंच ना? मी आजच करते!"

"करा," बाई म्हणाल्या. "आणि लगेच पेढे आणू नका."

बाईंचं ते वाक्य मला तेव्हा उगीच खडूस वाटलं.

वेट भागलं. मोठं नेटवर्क जागं झालं. सांगणाऱ्या पेशी बोलू लागल्या, दाबणाऱ्या दाबू लागल्या, सगळं सुरळीत. फक्त ताल अगदी बारीक. लहान नेटवर्कमध्ये आलेखावर सह्याद्रीसारखे सुळके दिसत होते. इथे नुसती पाण्यावरची लहर. प्रज्ञा ऑफिसात माझ्या शेजारी बसून ते बघत होती.

"ताई, हे कावून असं?"

त्याचं उत्तर मला आमच्या धायरीच्या सोसायटीने दिलं. आमच्या मीटिंगला सात-आठ माणसं येतात. त्यात एक गृहस्थ उठून मोठ्यांदा बोलले, की बाकीचे माना डोलावतात आणि ठराव पास. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय एकमत आहे! पण सगळी सोसायटी जमली असती तर त्या गृहस्थांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसता. लहान नेटवर्कमध्ये पेशी थोड्या आणि जोड जोरकस. एखादी योगायोगाने पुढे गेली की तिच्या मागे सगळ्या. तो ताल बऱ्याच अंशी लहान आकाराचा होता, बल्बचा नव्हता. मोठ्यात एकेकीचं वजन कमी, त्यामुळे योगायोग एकमेकांना खोडून काढतात.

हे मी प्रज्ञाला सांगितलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझं चॅप्टर सोसायटीच्या मीटिंगवर उभं आहे."

खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई, प्रज्ञा, सर आणि मी असे चौघे ऑफिसच्या छोट्या कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. सरांनी व्यवहार मांडला.

"मॅडम, माझं स्पष्ट मत सांगतो. लहान नेटवर्कचं चित्र देखणं आहे. आपण तेच दाखवू. मशीन्स आमच्या मोठ्या आहेतच. खोटं काही बोलायचं नाही, फक्त आकार सांगायचा नाही."

बाईंनी चष्मा पुसला. "अहो शिरीष, पाहुण्यांना आपण अख्खा बल्ब बघायला बोलावलंय ना?"

"हो, पण..."

"बोन्सायला फेऱ्या मारून वटपौर्णिमा होत नाही."

बाईंपुढे ते अजून विद्यार्थीच होते. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "नीलिमा, तुझं काय म्हणणं? दाखवायचं काय मग?"

कारखान्यांच्या कामात मला एक सवय लागली होती. आपण एक लहान आकार पाहिला होता आणि एक मोठा. वेट भागल्यावर मधे काय होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. दोन टोकांवरून रस्ता कसा आहे ते कळत नाही.

"मधले सगळे आकार चालवू," मी म्हणाले. "लहानापासून मोठ्यापर्यंत पायरी पायरीने. प्रत्येक आकार अनेकदा, दर वेळी वेगळे रँडम जोड घेऊन. ताल कमी होत होत शून्यावर जातो की कुठे थांबतो, ते बघू."

"शून्यावर गेला तर?" सरांनी विचारलं.

उत्तर प्रज्ञाने दिलं. "गेला तर गेला. मला कळलं तर पाहिजे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवताना त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

शनिवारी सकाळी ऑफिस रिकामं होतं. प्रज्ञा डब्यात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि झुणका घेऊन आली. मी सगळ्या मशीन्सना काम वाटून दिलं. लहान आकारांची उत्तरं भराभर आली. मोठ्यांना वेळ लागणार होता. आम्ही खिडकीशी बसून जेवलो. समोरच्या शेतात कुणी पाइप टाकत होतं. बहुधा तिथेही इमारत होणार होती.

जेवण झाल्यावर प्रज्ञाने लॅपटॉप उघडला आणि मेल लिहायला बसली.

"कुणाला?"

"त्या प्रोफेसरांना. त्यांनी ज्या आलेखावरून मला बोलावलं, तो आकारामुळे फुगलेला आहे, हे त्यांना सांगावं लागेल."

"उत्तरं तर येऊ दे. आणि मॅडमना आधी विचारलंस का?"

"विचारलं तर त्या हो म्हणतील. मग ते त्यांचं पत्र होईल, माझं राहणार नाही." तिने दोनदा वाचलं, एक ओळ खोडली. "ताई, उत्तरं चांगली आली अन् मग पाठवलं, तर त्याला काय अर्थ?"

तिने सेंडचं बटण दाबलं. मग म्हणाली, "ठेचा उरला का?"

मी तिच्याहून वयाने आणि अनुभवाने पुष्कळ मोठी. तिच्या वयात मी ते बटण दाबलं असतं का, याची मला खात्री नाही.

रविवारी दुपारपर्यंत जवळपास सगळी रन्स संपली. मी आलेख काढला. आडव्या रेघेवर नेटवर्कचा आकार, उभ्या रेघेवर तालाचा जोर. डावीकडे लहान आकार, तिथे ठिपके उंच आणि विस्कटलेले. एकाच आकाराच्या दहा रन्समध्ये दहा वेगळी उत्तरं. तिथून ठिपके घसरत खाली. घसरगुंडी इतकी उभी होती की प्रज्ञाने डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," मी म्हणाले.

मधे एका ठिकाणी घसरण मंदावली. त्यापुढे ठिपके सपाट रेषेत. आकार आणखी वाढवला, सपाटच. कितीही मोठं केलं तरी ताल एका पातळीखाली जात नव्हता. आणि उजवीकडचे ठिपके एकमेकांना चिकटून होते. दर रनला जवळपास तेच उत्तर. म्हणजे ताल होता. लहान होता पण खरा होता. लहान नेटवर्क त्याच्यात आपल्या पदरचं पुष्कळ मिसळून दाखवत होतं, एवढंच.

"आता वास," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

चाफा आणि मोगरा कुठल्याही आकारात वेगळे ओळखू येत होते. ते सोपं होतं. म्हणून तिने दोन अगदी जवळचे इनपुट बनवले, थोडासाच फरक असलेले. त्यांना नाव दिलं हापूस आणि पायरी. लहान नेटवर्कने कधी ओळखले, कधी गल्लत केली. नुसतं नाणं उडवणं. मोठ्या नेटवर्कने बारीकशा तालावर जवळजवळ दर वेळी ओळखले. ताल जितका ठसठशीत तितकी ओळख चांगली, हे तिचं जुनं म्हणणं साफ पडलं. ताल मोठा असण्यापेक्षा भरवशाचा असणं महत्त्वाचं होतं.

प्रज्ञा खुर्चीतून उठली आणि रिकाम्या ऑफिसात टेबलांमधून एक चक्कर मारून आली. मग मला म्हणाली, "मॅडमना फोन करा. मला रडू येऊन राहिलं."

मी फोन लावला. बाईंनी सगळं ऐकलं. पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता आणा पेढे."

हॉलंडच्या पाहुण्यांमध्ये यान नावाचे एक उंच गृहस्थ मुख्य होते. सरांनी सुरुवातीला मोठं नेटवर्क मोठ्या स्क्रीनवर चालवून दाखवलं. ते सौम्यपणे बघत राहिले. मग मी घसरगुंडीचा आलेख लावला आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. नेटवर्क गप्प पडलं होतं तेही. सर टाय सैल करत होते. यान पुढे झुकले.

"हे सपाट कुठे सुरू होतं, ते तुम्ही कसं ठरवलं?"

मी सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं. प्रज्ञाने उत्तरं दिली. बाई मागे बसून होत्या, मधे एकदाच बोलल्या, तेही प्रज्ञाचं एक वाक्य दुरुस्त करायला.

शेवटी यान म्हणाले, "म्हणजे अख्ख्या बल्बची आम्हाला गरजच नाही. इथून पुढे मोठं करून काही फायदा नाही."

सरांचा चेहरा पडला. ज्या अख्ख्या बल्बसाठी पाहुण्यांना बोलावलं, तो नकोच असं पाहुणेच म्हणत होते आणि पुरावा आम्हीच दिला होता.

नाकाचं काम आम्हाला मिळालं नाही. महिन्याभराने त्यांचा मेल आला. त्यांच्या यंत्रात स्वतःचा एक प्रोग्राम होता, प्रयोगशाळेतल्या थोड्या नमुन्यांवर उत्तम चालणारा. तो मोठ्या प्रमाणावर टिकतो का, हे आम्ही तपासून देऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. सर मेल वाचून म्हणाले, "नाक विकायला गेलो आणि चाळणी विकून आलो." पण त्या चाळणीवर कंपनीचा एक अख्खा विभाग पुढे उभा राहिला. मी त्या विभागातूनच निवृत्त झाले.

प्रोफेसरांचं उत्तर यायला बराच काळ लागला. तेवढ्यात प्रज्ञा दोन किलोने उतरली, असं तीच सांगते. आलं ते चार ओळींचं होतं. कळवल्याबद्दल आभार, वासाच्या प्रकल्पावरची जागा भरली आहे, पण ऐकण्याच्या प्रकल्पावर एक आहे, चालेल का? तिला चाललं. आता ती नागपूरकडे प्राध्यापक आहे आणि कानावर काम करते. तिच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सगळी प्रकरणं सोडून नेटवर्कच्या आकाराबद्दलच विचारलं. आकारावरचं ते प्रकरण प्रबंधाच्या मूळ योजनेत नव्हतंच.

केतकर बाई वेळेवर निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषणं लांबली, तेव्हा त्यांनी आयोजकांना विचारलं, "आणखी किती नमुने आहेत?"

यातून मी काय शिकले, असं आमच्या ऑफिसातली मुलं विचारायची. सांगण्यासारखं थोडंच आहे. लहानावर चाललं म्हणजे मोठ्यावर चालेल असं नसतं. मोठ्यावर पडलं म्हणजे लहानात सगळंच खोटं होतं असंही नसतं. मधले आकार चालवून बघावेत, आणि ते कुणाला दाखवायच्या आधी बघावेत. शेवटची काही वर्षं कुणीही येऊन "मॅडम, सगळ्या टेस्ट्स पास झाल्या," म्हणालं की मी विचारायचे, "केवढ्यावर?" माझी पाठ वळली की मुलं मला 'केवढ्यावर मावशी' म्हणायची. मला ठाऊक होतं. मी कधी हरकत घेतली नाही, कारण पुढच्या वेळी येताना ती उत्तर घेऊन यायची.